२०१५ मधील मराठी चित्रपट: तुमच्या मते वर्षातील सर्वोत्तम अभिनय कोणाचा?

पिटातला प्रेक्षक | २७ डिसेंबर २०१५

'नटसम्राट' १ जानेवारीला प्रदर्शित होणार असल्यामुळे त्याची गणती पुढच्या वर्षात होईल. तेव्हा या वर्षाचा हिशेब आता मांडायला हरकत नाही. नियम एकच ठेवला आहे. जो चित्रपट २०१५ मध्ये महाराष्ट्रातील चित्रपटगृहात तिकीट काढून पाहता आला, तो या वर्षाचा. 'कोर्ट'ला व्हेनिसमध्ये आणि 'किल्ला'ला बर्लिनमध्ये जे सन्मान मिळाले ते २०१४ मधले असले, तरी आपल्यापर्यंत 'कोर्ट' १७ एप्रिलला आणि 'किल्ला' २६ जूनला पोहोचला, म्हणून दोन्ही याच यादीत घेतले आहेत. हिंदी चित्रपट मुद्दाम बाहेर ठेवले आहेत, नाहीतर सारी चर्चा 'मसान' आणि 'पिकू' यांवरच संपायची.

माझ्या लेखी पहिला क्रमांक चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'चा आहे आणि दुसरा त्याच्या बराच मागे आहे. गटारात उतरून काम करणाऱ्या वासुदेव पवार नावाच्या कामगाराचा मृत्यू होतो. त्याने नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असे म्हणून पोलीस शाहिरावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवतात. या कथेचे एखाद्याने सरळ प्रहसन केले असते. ताम्हाणे कॅमेरा एका जागी ठेवतात आणि न्यायालयाचे कामकाज जसे चालते तसे चालू देतात. तारखा पडत राहतात, न्यायाधीश मराठी-हिंदीतली साक्ष ऐकून तिचा इंग्रजी गोषवारा टंकलेखकाला सांगतात, आणि बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या एका बाईंचे प्रकरण केवळ त्या पोशाखामुळे पुढे ढकलतात. भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेला हा चित्रपट या महिन्यात जाहीर झालेल्या नऊ चित्रपटांच्या यादीत आला नाही याचे वाईट वाटले, पण त्यामुळे माझ्या यादीत काही फरक पडत नाही.

दुसऱ्या क्रमांकावर अविनाश अरुण यांचा 'किल्ला' आहे. तिसऱ्या क्रमांकावर, बरीच घालमेल करून, 'कट्यार काळजात घुसली'. चौथा समीर विद्वांस यांचा 'डबल सीट', कारण लालबागच्या चाळीत नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढ्या साध्या अडचणीवर त्यांनी पूर्ण चित्रपट उभा केला आणि तो कुठे रडका होऊ दिला नाही. पाचव्या जागेसाठी अख्खा 'बायोस्कोप' न घेता त्यातला रवी जाधव यांचा 'मित्रा' हा कृष्णधवल भाग घेत आहे. विजय तेंडुलकरांच्या कथेतील सुमित्रा वीणा जामकर यांनी ज्या ताठ मानेने उभी केली आहे, ती विसरता येत नाही. 'हायवे' मला आवडायला हवा होता, पण इतकी माणसे एका रस्त्यावर आणून सोडल्यावर त्यांतली दोन-तीनच माझ्याबरोबर घरी आली. 'लोकमान्य'मध्ये सुबोध भावे यांचे कष्ट जागोजागी दिसतात. चित्रपट मात्र टिळकांच्या आयुष्यातील एका प्रसंगावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे अभिनय. माझी पहिली पसंती 'कोर्ट'मधील सरकारी वकील नूतन, अर्थात गीतांजली कुलकर्णी. ज्यांनी त्यांना 'पिया बहुरूपिया'मध्ये रंगमंचावर खुल्या गळ्याने गाताना आणि प्रेक्षकांना खेळवताना पाहिले आहे, त्यांना या भूमिकेत त्यांनी काय काय काढून टाकले आहे ते अधिक जाणवेल. नूतन कायद्याची कलमे वाचते ती एखादीने किराणा मालाची यादी वाचावी तशी, एका सुरात, पूर्णविरामाला न थांबता. शाहिरावर तिचा राग नाही. त्याच्याविषयी तिला काही वाटते असेही नाही. तोच आवाज पुढे लोकलच्या डब्यात शेजारणीशी साडीविषयी बोलताना मोकळा होतो, घरी स्वयंपाक करून सर्वांना वाढताना पुन्हा थकतो, आणि सुटीच्या दिवशी परप्रांतीयांची टिंगल करणाऱ्या नाटकाला सहकुटुंब जाऊन ती मनापासून हसते. सहकाऱ्यांशी गप्पा मारताना, त्या म्हाताऱ्याला वीस वर्षे तुरुंगात टाकून द्यावे म्हणजे एकदाचा विषय संपेल, अशा अर्थाचे ती जे बोलून जाते, ते इतके सहज येते की आपण आधी हसतो आणि नंतर दचकतो. ही बाई दुष्ट नाही, ती फक्त कामावर आहे. आणि पडद्यावर 'कामावर असलेला माणूस' दाखवण्याइतके अवघड दुसरे काही नसावे, असे माझे मत झाले आहे.

इथपर्यंत माझा निर्णय पक्का आहे. अडचण पुढे आहे. याच चित्रपटात वासुदेवच्या विधवेची साक्ष आहे. उषा बाने यांनी ती भूमिका केली आहे आणि त्या व्यावसायिक अभिनेत्री नाहीत. नवरा गटारात उतरण्यापूर्वी झुरळ बाहेर येते का ते पाहायचा, आत वायू आहे की नाही हे त्यावरून ठरवायचा, दारू प्यायल्याशिवाय त्याला तो वास सहन व्हायचा नाही, हे सारे ती बाई वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना जेवढ्यास तेवढे सांगते. नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार हे नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते आणि 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक. त्यांनाही अभिनेता म्हणून आपण ओळखत नव्हतो. या दोघांनी जे केले त्याला अभिनय म्हणून गीतांजली कुलकर्णी यांच्या शेजारी बसवायचे, की त्याचे श्रेय निवड करणाऱ्या दिग्दर्शकाच्या खात्यावर टाकायचे?

आणि 'कट्यार'मध्ये नेमका उलटा पेच आहे. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले दिसतात सचिन पिळगांवकर आणि गातात राहुल देशपांडे. ज्या भूमिकेचा प्राणच गाण्यात आहे, तिथे अर्धा प्राण दुसऱ्याचा असताना नटाला किती गुण द्यावेत? मी सचिन यांना माझ्या पहिल्या पाचांत घेतलेले नाही. जाणकारांनी आपापली यादी द्यावीच, पण या दोन प्रश्नांवरही लिहावे, ही विनंती.


तिसरी घंटा | २७ डिसेंबर २०१५

'कोर्ट'विषयी तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे. 'कट्यार'विषयी मात्र तुम्ही सचिन यांच्यावर अन्याय केला आहे, असे स्पष्ट सांगतो.

मूळ नाटक १९६७ चे. पुरुषोत्तम दारव्हेकरांची संहिता, पंडित जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब. वसंतराव स्वतः गात आणि स्वतः बोलत, त्यामुळे आपल्या मनात खाँसाहेब म्हणजे गाणारा नट, हे समीकरण घट्ट बसले आहे. पुढे राहुल देशपांडे यांनी आजोबांची ती भूमिका रंगमंचावर पुन्हा उभी केली, तेव्हाही ते समीकरण तसेच राहिले. चित्रपटात सुबोध भावे यांनी ते मोडले, आणि माझ्या मते जाणूनबुजून मोडले. खाँसाहेब हा नुसता थोर गवई नाही. वर्षानुवर्षे दरबारात हरत आलेला, आपल्या गाण्याची किंमत कोणी करत नाही या जाणिवेने आतून कुरतडला गेलेला माणूस आहे. हा भाग गाण्याच्या बाहेर घडतो. तो हवेलीत वावरताना, मुलीशी बोलताना, प्रतिस्पर्धी पंडित भानुशंकरांचा शिष्य सदाशिव याच्या गळ्यातून पंडितजींची गायकी ऐकू आल्यावर चेहऱ्यावर जे पसरते त्यात घडतो. ते सर्व शंभर टक्के सचिन यांचे आहे.

शिवाय दुसऱ्याच्या गळ्याला आपले शरीर देणे ही गोष्ट आपण फार हलक्यात घेतो. नुसते ओठ जुळवून भागत नाही. तान कुठून उचलली जाते आणि सम गाठण्याआधी गवई किंचित कसा थांबतो, हे मानेत, खांद्यात आणि हाताच्या पंजात दिसावे लागते. तान संपल्यावर श्वास घेतलेला दिसला नाही तर शास्त्रीय संगीत ऐकणारा प्रेक्षक तत्क्षणी बाहेर फेकला जातो. मी सदाशिवच्या गाण्याचे प्रसंग पुन्हा पाहताना गाणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्या खाँसाहेबांकडे लक्ष दिले. सदाशिवचे सूर त्यांच्यावर कसे चढत जातात हे तिथे दिसते, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडी एक सूरही नाही. ऐकण्याचा अभिनय हा गाण्याच्या अभिनयापेक्षा कठीण आहे, असे मला वाटते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही याच चित्रपटात आहे, हे तुमच्या लक्षात आले नसावे याचे नवल वाटते. पंडित भानुशंकर झालेले शंकर महादेवन हे नट नाहीत. ते स्वतःच्या गळ्याने गातात आणि ते गात असतात तोवर पडदा त्यांचा असतो. 'सूर निरागस हो'मध्ये त्यांच्या मुद्रेवरचा आनंद शिकवून येणारा नाही. गाणे थांबून संवाद सुरू झाले की मात्र ते अवघडतात, शब्द जपून टाकतात. म्हणजे एकाच चित्रपटात समोरासमोर न गाणारा नट आणि नट नसलेला गायक बसले आहेत, आणि पूर्ण भूमिका म्हणून उभी राहते ती न गाणाऱ्या नटाची. यावरून मला असे दिसते की, स्वतःच्या आयुष्यातून आणलेली एखादी खरी गोष्ट माणसाला एका प्रसंगात तारून नेते. दोन-अडीच तास वेगवेगळ्या अवस्थांतून जायचे तर कसब लागते.

उर्दू उच्चारांबद्दलही एक शब्द. मराठी नटांच्या तोंडचे उर्दू बऱ्याचदा ऐकवत नाही. सचिन यांचे ऐकत राहावेसे वाटते.

माझी यादी: पहिले सचिन पिळगांवकर, दुसऱ्या गीतांजली कुलकर्णी, तिसरे 'दगडी चाळ'मधील मकरंद देशपांडे, ज्यांनी आवाज न चढवता दहशत निर्माण केली. चित्रपटांत 'कट्यार' पहिला. महेश काळे यांच्या 'अरुणी किरणी'साठी अभिनयाच्या यादीत जागा नाही, याची खंत आहे. अभिषेकीबुवांचा शिष्य त्यांच्याच नाटकावरच्या चित्रपटात असा गातो, हे ऐकायला वसंतराव आणि बुवा दोघेही असायला हवे होते.


मध्यंतर | २८ डिसेंबर २०१५

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे 'तिकीट काढून महाराष्ट्रात' हा नियम मला लागू करता येत नाही. 'कोर्ट' जुलैमध्ये न्यूयॉर्कला लागला, तेव्हा आवर्जून जाऊन पाहिला. त्या अनुभवातून एक मुद्दा मांडतो.

माझ्या आजूबाजूचा प्रेक्षक उपशीर्षके वाचत होता. बिनबाह्यांच्या पोशाखाच्या प्रसंगाला सारे हसले, न्यायाधीशांच्या पद्धतशीर इंग्रजीलाही हसले. परंतु चित्रपटातील माणसे मराठीतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत आणि पुन्हा मराठीत केव्हा जातात हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, कारण खाली अक्षरे सगळी इंग्रजीच. गीतांजली कुलकर्णी यांच्या भूमिकेचा निम्मा भाग या जाण्यायेण्यात आहे. कलमांचे इंग्रजी ही बाई पाठ केल्यासारखे म्हणते. मराठीत आली की तिचा कणा सैल होतो, आणि घरी गेल्यावरची मराठी न्यायालयातल्या मराठीहून वेगळी असते. उलट विवेक गोम्बर यांनी केलेला शाहिराचा वकील इंग्रजीत सुखावतो. कोण कोणत्या भाषेत घरी आहे, यावरून त्या न्यायालयातील प्रत्येकाची जागा ठरते. उषा बाने यांना मात्र एकच भाषा आहे आणि तीही प्रश्नापुरतीच वापरायची मुभा आहे. परदेशी समीक्षकांनी चित्रपटाची स्तुती केली, त्याचा आनंद आहे, पण त्यांनी या अभिनयाचा किती भाग पाहिला, असा प्रश्न मला पडतो.

'किल्ला' आमच्याकडे चित्रपटगृहात पाहायला मिळाला नाही, म्हणून यादी देत नाही.


सागरगोटा | २८ डिसेंबर २०१५

'किल्ला'ला दुसरा क्रमांक देऊन एका वाक्यात निकाल लावलात, हे मनाला लागले. मी रत्नागिरी जिल्ह्यातला आहे आणि माझे वडील सरकारी नोकरीत होते, त्यामुळे पक्षपाताचा आरोप आधीच मान्य करून पुढे लिहितो.

पिटातला प्रेक्षक यांनी 'कामावर असलेला माणूस' ही कसोटी लावली आहे ना, तीच अमृता सुभाष यांच्या अरुणा काळेला लावून पाहा. नवरा गेलेला, पदरी अकरा वर्षांचा मुलगा, बदली होऊन कोकणातल्या एका गावात आलेली सरकारी नोकरदार बाई. दिवसा कार्यालय, तिथले वरिष्ठ, तिथली प्रकरणे, कोणाचे ऐकायचे आणि कोणत्या कागदावर सही करायची याचा ताण. संध्याकाळी घरात एक रुसलेला मुलगा, ज्याला मित्र हवे आहेत आणि वडील हवे आहेत, आणि ज्याला यातले काहीच शब्दांत सांगता येत नाही. चित्रपटाची कथा मुलाची आहे म्हणून आईच्या वाट्याला प्रसंग थोडे आले आहेत, आणि ते थोडे प्रसंग अमृता सुभाष यांनी जराही न ओढता केले आहेत. त्यांना ज्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला ती 'अस्तु'मधील भूमिका मोठी आहे, यात वाद नाही. परंतु दुःख बाजूला ठेवून डबा भरणे, कुलूप लावणे, वेळेवर पोहोचणे, ही जी आवराआवर अरुणा सतत करत असल्यासारखी वाटते, ती आम्ही घरांत पाहिलेली आहे. कोकणात बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांची भाड्याची घरे पाहिली असतील, तर त्या घरांतले अर्धवट उघडलेले सामान तुम्हाला आठवेल. पुन्हा कधी हलावे लागेल याचा नेम नसतो. शेवटी तशीच बदली पुन्हा येते, आणि ती येते मुलाचे पाय गावात नुकतेच रुजू लागलेले असताना.

दुसरे नाव पार्थ भालेराव. 'भूतनाथ रिटर्न्स'मध्ये तो अमिताभ बच्चन यांच्यासमोर चुरूचुरू बोलताना आपण पाहिला होता, तेव्हा हुशार बालनट एवढेच वाटले होते. इथला बंड्या वेगळा आहे. वर्गातला उनाड, चेष्टेखोर आणि नव्या मुलाला सामावून घेताना त्याचा मान राखणारा मुलगा. त्याला संवाद चांगले मिळाले आहेत हे खरे, पण मला आवडले ते त्याचे संवाद नसतानाचे वावरणे. मुले घोळक्याने चालतात तेव्हा पार्थ कधी पुढे धावत नाही आणि कॅमेऱ्याकडे तर त्याचे लक्षच नाही. त्याच्यासमोर अरुणाचा मुलगा चिन्मय झालेला अर्चित देवधर आहे, ज्याच्याकडे बोलण्यासारखे फारसे काही नाही, फक्त पाहायचे आहे. सायकलींची शर्यत लावून मुले किल्ल्यावर जातात, पाऊस कोसळू लागतो, आणि चिन्मय आत एकटा मागे राहतो, तो प्रसंग आठवा. तिथे ओरडणे किंवा रडणे सोपे होते. अर्चितच्या चेहऱ्यावर आधी भीती येते, आणि बाहेर आल्यावर मित्र निघून गेले हे कळते तेव्हा भीतीची जागा अपमान घेतो. अकरा वर्षांच्या मुलाचा अपमान इतका नेमका मराठी पडद्यावर मी तरी पूर्वी पाहिला नव्हता.

तुमच्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर मुलांच्या बाबतीत तो आणखी बिकट होतो. मूल 'करते' किती आणि 'असते' किती, हे कोण ठरवणार? पण मग एक लक्षात घ्या की 'किल्ला'चे छायाचित्रण दिग्दर्शकाचेच आहे. मुलांकडे पाहणारा डोळा आणि मुलांना सांगणारा माणूस एकच असल्यावर त्या मुलांना कॅमेऱ्यापुढे अवघडायला कारणच उरले नसावे. तिसरी घंटा म्हणतात त्या कसबाचा हाही एक भाग धरायला हवा, मग ते कसब नटाचे असो वा नसो.

जाता जाता, पाऊस दाखवतो म्हणून चित्रपट कोकणचा होत नाही. 'किल्ला'तला पाऊस अडवणारा, कपडे वाळू न देणारा, शाळेतून घरी येण्याचा रस्ता लांबवणारा आहे. पर्यटकांच्या छायाचित्रातला नाही.

यादी: अमृता सुभाष, अर्चित देवधर, गीतांजली कुलकर्णी, वीणा जामकर, पार्थ भालेराव. चित्रपटांत 'किल्ला' पहिला आणि 'कोर्ट' अगदी खांद्याला खांदा लावून दुसरा.


एक खिडकी | २९ डिसेंबर २०१५

सर्वांच्या याद्या वाचल्या आणि मुक्ता बर्वे यांचे नाव एकाही यादीत नाही याचे आश्चर्य वाटले. १४ ऑगस्टला 'डबल सीट', २८ ऑगस्टला 'हायवे' आणि १२ नोव्हेंबरला 'मुंबई-पुणे-मुंबई २', असे तीन महिन्यांत तीन चित्रपट या अभिनेत्रीने दिले. त्यातला शेवटचा तर 'कट्यार'च्याच दिवशी, ऐन दिवाळीत लागला आणि दोन्ही चित्रपटांना गर्दी झाली. जे लोकप्रिय आहे त्यातले कसब दिसेनासे होते, ही आपल्या चोखंदळ प्रेक्षकांची जुनी खोड आहे.

'डबल सीट'मधील मंजिरी पाहा. लग्न होऊन चाळीतल्या खोलीत आलेली मुलगी, स्वप्न पाहणारी आणि ते नवऱ्यालाही पाहायला लावणारी. या व्यक्तिरेखेचे दोन सोपे मार्ग होते: सोशीक सून किंवा सडेतोड सून. मुक्ता बर्वे दोन्ही टाळतात. वंदना गुप्ते यांच्या सासूबरोबरचे त्यांचे प्रसंग मला फार आवडले, कारण त्या प्रसंगांत दोन बायका एकमेकींचा अंदाज घेत घेत मैत्रिणी होतात आणि कोणीही तसे बोलून दाखवत नाही. अंकुश चौधरी यांच्याबद्दलही बोलायला हवे. जानेवारीत 'क्लासमेट्स', मग 'डबल सीट' आणि ऑक्टोबरमध्ये 'दगडी चाळ', अशा तीन अगदी निराळ्या जातीच्या चित्रपटांत हा नट उभा होता. त्यांपैकी 'डबल सीट'मधला अमित, पैसे आणि आईवडील यांच्यामध्ये सापडलेला साधा मुलगा, त्यांनी नायकपण खिशात ठेवून केला आहे.

आणखी एक नाव राहून गेले आहे, सतीश आळेकर. 'राजवाडे अँड सन्स'मध्ये सचिन कुंडलकर यांनी त्यांना घरातील सर्वांना आपल्या मुठीत ठेवणारा पुण्यातला कुटुंबप्रमुख केले आहे. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी संवाद लिहिलेला हा नाटककार पडद्यावर संवाद असे टाकतो की त्याला वाक्याचे वजन आधीपासून ठाऊक आहे. चित्रपट शेवटाकडे सैल पडतो, पण आळेकर पडद्यावर आले की बाकीच्या पात्रांप्रमाणे आपणही जरा सावरून बसतो. हौशी की व्यावसायिक या तुमच्या वादात त्यांना कुठे बसवाल? नाटककार, दिग्दर्शक, रंगमंचावरचे नट, आणि चित्रपटात तुलनेने नवे.

मल्टिप्लेक्सविषयी एक तक्रार इथेच नोंदवते. एप्रिलमध्ये शासनाने मराठी चित्रपटांना मुख्य वेळ देण्याचा निर्णय जाहीर केला, त्यावर इतका गदारोळ झाला, आणि अखेर ती मुख्य वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सोयीस्कर ताणली गेली. 'कोर्ट' मी आमच्या भागात आठवड्याच्या मधल्या दिवशी भर दुपारी, कार्यालयातून अर्धी रजा टाकून पाहिला. नूतनने ज्या वेळी न्यायालयात उलटतपासणी घेतली असती त्या वेळी. तेव्हा नोकरदार बायकांच्या भूमिकांवर एवढी चर्चा करताना, नोकरदार बायकांना ते चित्रपट केव्हा पाहता येतात, हेही कोणीतरी विचारावे.


पिटातला प्रेक्षक | २९ डिसेंबर २०१५

सर्वांचे आभार. इतक्या तपशिलाने लिहाल असे वाटले नव्हते.

सागरगोटा, तुमचा प्रतिसाद वाचून अरुणा आणि नूतन या दोघींना मी प्रथमच शेजारी ठेवून पाहिले. दोघी सरकारच्या बाजूने काम करतात, दोघींचा दिवस कागदांवर संपतो आणि दोघींना घरी जाऊन चूल सांभाळायची आहे. फरक एवढाच की अरुणाला तिच्या कामातले अन्यायाचे टोक बोचते आणि नूतनला ते जाणवतही नाही. त्यामुळे प्रेक्षक अरुणाच्या बाजूने आपोआप जातो. नूतनच्या बाबतीत नटीला प्रेक्षकाची सहानुभूती न मागता त्याला धरून ठेवायचे आहे. केवळ या कारणासाठी गीतांजली कुलकर्णी यांचा पहिला क्रमांक मी हलवत नाही, पण अमृता सुभाष आता माझ्याकडे दुसऱ्या आहेत.

मध्यंतर यांनी भाषांविषयी लिहिले त्यात एक भर घालतो. वकील साक्षीनंतर विधवेला गाडीतून घरी सोडतो, तो प्रसंग आठवतो का? तो पैसे देऊ करतो, ती घेत नाही, काही काम असेल तर सांगा असे म्हणते. न्यायालयात ती विचारल्याशिवाय बोलली नव्हती. इथे ती स्वतःहून एक मागणी करते, आणि उषा बाने ती मागणी करताना आवाजात जराही लाचारी आणत नाहीत. तिसरी घंटा यांचा 'एका प्रसंगात तारून नेते' हा युक्तिवाद मला पटला होता, पण हे दोन प्रसंग झाले, आणि दोन्हींतली बाई एकच असूनही वेगवेगळी वागते. याला मी कसबच म्हणेन. म्हणून उषा बाने यांना यादीत घेतले आहे, दिग्दर्शकाच्या खात्यावर टाकलेले नाही. वीरा साथीदार यांच्याविषयी अजून निर्णय होत नाही. शाहीर मंचावर असताना ते मला पूर्ण पटतात. आरोपीच्या पिंजऱ्यात ते गप्प असतात आणि त्या गप्प राहण्यात साथीदार किती आणि कांबळे किती, हे मला सांगता येत नाही.

तिसरी घंटा, 'कट्यार' आमच्याकडे एका चित्रपटगृहात अजून रोज एक खेळ दाखवत आहे. तुम्ही म्हणता तसे, खाँसाहेब गात नसताना त्यांच्याकडे पाहण्यासाठी या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. सचिन पाचांत येतील की नाही ते त्यानंतर लिहीन. शंकर महादेवन यांच्या संवादांबद्दल मात्र तुमच्याशी आताच सहमत आहे.

एक खिडकी, मुक्ता बर्वे यांचे नाव माझ्या यादीत पाचवे होते. आळेकरांचा 'राजवाडे' मी पाहिलेलाच नाही, तो कुठे पाहायला मिळेल हे ठाऊक असल्यास कळवावे.